तुळशीचे औषध

॥ श्री ॥

अमळनेर
२८ जुलै १९८८

ती. सौ. अक्का हिस,
पंडितचा शि. सा. न. वि. वि.

तुझे कार्ड काल मिळाले. पाय मोडून घ्यायला तुला ऐन आषाढच सापडला? प्लास्टर गणपतीपर्यंत राहणार म्हणजे राखीलाही तू येणार नाहीस. भाऊजी भाकरी थापतात हे मायला वाचून दाखवले तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. भाकरी फुगते की नाही, तेवढे मात्र तू लिहायचे टाळलेस.

इथे आमची वेगळीच लढाई सुरू आहे. यंदा पाऊस सोडायला तयार नाही. मागच्या मोरीपासून अंगणापर्यंत सगळी ओल, आणि त्या ओलीत गोगलगायी इतक्या झाल्या आहेत की सकाळी पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडतो. त्यांनी झेंडू खाल्ला, मोगऱ्याची कोवळी पाने खाल्ली, ते मी सोडून दिले असते. पण त्या आता मायच्या तुळशीला लागल्या आहेत. वृंदावनात नुसत्या काड्या उरतील अशी वेळ आली आहे.

मायचा नेम तुला माहीत आहे. एकादशीपासून कार्तिकापर्यंत, अंघोळ झाली की तुळशीची चांगली मूठभर पाने तोंडात घालायची, त्याशिवाय पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. परवा तिला झाडावर धड पान मिळेना. सासूसाठी म्हणून प्रमिलाने शेजारच्या लताबाईंकडून पाने आणली, तर मायने ती देवापुढे ठेवली आणि स्वतः तशीच बसून राहिली. पान आपल्या दारच्या तुळशीचेच पाहिजे. दुपारी एका फांदीला चार बरी पाने सापडली तेव्हा कुठे तिने पाणी घेतले. मी चिडून बोललो तर म्हणाली, तुळस शे तोवर मी शे. अक्का, हे ती गमतीने म्हणाली नाही. मला ते ऐकून बरे वाटले नाही.

चुलीतली राख भोवती टाकली, ती पावसाने वाहून गेली. चुन्याची रेघ ओढली, तिचेही तेच झाले. मीठ टाकायला गेलो तर मायने हात धरला, चातुर्मासात जीव मारायचा नाही म्हणून. आता मी रोज सकाळी गोगलगायी डब्यात भरतो आणि बोरीच्या काठावर सोडून येतो. तेलाच्या गिरणीतला हेडक्लार्क डबा घेऊन नदीवर जातो, हे सारी आळी ओट्यावर बसून पाहते. मायचे म्हणणे की दुसऱ्या दिवशी त्याच परत येतात, ती त्यांना ओळखते.

आमची बेबी बरी आहे. पावसाळी खोकला तेवढा आहे. माय तिलाही रोज एक पान देते आणि ती मोरीत जाऊन थुंकते.

काही उपाय सुचला तर लवकर लिही. भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
पंडित

॥ श्री ॥

धुळे
२ ऑगस्ट १९८८

चि. पंडित यास,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र भाऊजींनी मोठ्याने वाचले आणि डब्याच्या ठिकाणी थांबून पुन्हा वाचले. भाकरी फुगत नाही. झाले समाधान?

मायच्या नेमाला हसू नकोस. पप्पा गेले तेव्हा ती कशी उभी राहिली आठव. तिला ती तुळस म्हणजे घरातले माणूस आहे. तुळस गेली तर ती खरेच अंथरूण धरील, म्हणून हे काम तू मनावर घे.

मी सांगते ते नीट कर. मीठ नाही म्हणजे नाही, मूळ जळून जाईल. संध्याकाळी वृंदावनाशेजारी ओले गोणपाट अंथर, त्याखाली त्या गोळा होतात आणि सकाळी वेचायला सोप्या जातात. तेवढ्याने भागले नाही तर झुलालकडे जा. आपला मामेभाऊच तो, कपाशीवर इतकी औषधे मारतो की त्याला माहीत नसेल असे काही नाही. मात्र एक लक्षात ठेव. पानावर काही मारू नकोस, कणभर पावडरही उडू देऊ नकोस. माय ती पाने तोंडात घालते. जे घालायचे ते मुळाशी, मातीत घाल, आणि वरून माती ओढून घे.

मायला यातले काही सांगू नकोस. जीव मारल्याचे कळले तर ती उपास धरील. पोटात ठेवायची एक गोष्ट तरी तुला जमू दे.

बेबीला गोड पापा. इथले सारे ठीक, माझा पाय सोडून. पत्राची वाट पाहायला लावू नकोस, पडून पडून मला तेवढाच उद्योग उरला आहे.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥

अमळनेर
२० ऑगस्ट १९८८

ती. सौ. अक्का हिस,
पंडितचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. गोणपाटाने गोगलगायी गोळा झाल्या, पण खाणे काही थांबले नाही. शेवटी झुलालकडे जाऊन आलो. त्याने कपाशीच्या मुळाशी टाकतात ते दाणेदार औषध पुडीत बांधून दिले. काळसर दाणे, वास असा उग्र की बसमध्ये शेजारचा माणूस उठून उभा राहिला. तू बजावलेस तसे पानाला लागू दिले नाही. माय देवळात गेली होती तेव्हा चमचाभर मुळाशी टाकले, वर माती ओढली, पाणी घातले.

दुसऱ्या दिवशी गोगलगायी शंख उलटे करून पडल्या होत्या. माय उठायच्या आत मी सगळ्या झाडून नेल्या. एक चिमणीही तिथेच मरून पडली होती. बेबीने पाहिली आणि रडून घर डोक्यावर घेतले, मग आम्ही दोघांनी चिमणीला मोगऱ्याखाली पुरले. चिमणी कशाने मेली ते बेबीला सांगता आले नाही. दाणे उघडे राहिले असतील म्हणून मी आणखी माती टाकली.

तुळशीला मात्र फुटवा आला आहे. मायला आता रोज मूठभर पाने मिळतात. ती म्हणते, देवाने ऐकले.

मायची तब्येत जरा नरम आहे. तोंडाला सारखे पाणी सुटते, म्हणून उशाशी फडके ठेवते. ऊन नसताना घाम येतो. पोटात कळ येते. आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पावसाळी पोट आहे म्हणून पुड्या दिल्या आहेत. तू काळजी करू नकोस.

उद्या घरात कानबाई देवी बसेल. नैवेद्याच्या रोटांचे दळण झाले. तू येणार नाहीस म्हणून मायने डोळे पुसले, एवढे लिहितो. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
पंडित

ता. क. औषध चांगले लागू पडले आहे. थोडे शिल्लक आहे. पुढे चालू ठेवू की बंद करू ते कळव.

॥ श्री ॥

धुळे
२४ ऑगस्ट १९८८

चि. पंडित यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचताना जीव नुसता खाली-वर होत होता. शेवटचा ता. क. वाचला आणि जीव भांड्यात पडला. तोच आधी लिहायचा ना, वेड्या.

औषध मुळीच बंद करू नकोस. जरा बरे दिसले की हात आखडता घ्यायचा ही तुझी जुनी खोड आहे. जोर कमी वाटला तर वाढव, पण पावसाळा सरेपर्यंत चालू ठेव. यात हयगय केलीस तर मी प्लास्टरसकट एसटीत बसून येईन.

मायचे खाणे कसे आहे ते या खेपेला तू लिहिले नाहीस. अन्न जात नसेल तर प्रमिलाला सांग, सकाळ-संध्याकाळ तुळशीचा रस मधातून द्यायचा. आता पाने भरपूर आहेत म्हणतोस, मग कंजुषी कशाला? तुळशीच्या रसाने आजवर कोणाचे वाईट झालेले नाही. मायलाही तो नको वाटणार नाही, नेमही राहील आणि पोटालाही आराम पडेल.

सोबत राखी आहे. बेबीकडून बांधून घे. चिमणीचे वाचून मलाही कसेसेच झाले. दारात असे काही मेलेले दिसले की मन शंका काढत बसते. घरात पडून माझे डोके रिकामे झाले आहे, दुसरे काय.

मायच्या पायावर डोके ठेवून माझा नमस्कार सांग. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥

अमळनेर
४ सप्टेंबर १९८८

ती. सौ. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

राखी मिळाली, बेबीने बांधली आणि ओवाळणीचा रुपया लगेच मागून घेतला.

तू लिहिलेस त्याप्रमाणे औषध वाढवले. आता मुळाशी दुप्पट टाकतो. अंगणात गोगलगाय नावाला उरलेली नाही, मुंगीही दिसत नाही. आणि तुळस तर तू पाहशील तर ओळखणार नाहीस. काळीभोर, रुंद पानांची, माझ्या छातीला लागते. येणाराजाणारा थांबून पाहतो. लताबाई रोप मागून गेल्या, मायने दिवाळीनंतर देऊ म्हटले.

एवढी तुळस हिरवीगार आणि तिच्याकडे पाहणारी माय अशी सुकत चालली आहे, हे पाहवत नाही अक्का. ती आता उठत नाही. हात थरथरतात, पेला ओठाला लागत नाही. भर दुपारी म्हणते दिवा का लावला नाही. पाय मधेच आपोआप उडतात. पोटात काही ठरत नाही. प्रमिला तू सांगितलेस तसा सकाळ-संध्याकाळ रस देते, तेवढाच माय नेम म्हणून निमूट घेते. पण काल म्हणाली, तुळशीला उग्र वास येतो, माझ्या तोंडाची चव गेली, आता माझे काही खरे नाही. प्रमिला बाहेर जाऊन रडली.

डॉक्टर म्हणतात वय झाले, जवळच्यांना बोलावून घ्या. तुला कसे बोलावू? रस दिल्यावर तिला जास्तच ग्लानी येते, म्हणजे निदान झोप तरी लागते असे आम्ही मनाला समजावतो.

यातून तू काही मार्ग सांग. मला धीर राहिलेला नाही. तुझ्या आशीर्वादाचीच काय ती ओढ आहे.

तुझा,
पंडित

धुळे
६ सप्टेंबर १९८८

पंडित,

तार केली आहे, ती आधी मिळेल. तरीही लिहिते, कारण तारेत सगळे मावत नाही. मायला तुळशीचे एक पानही देऊ नका. रस देऊ नका. तिला ताबडतोब जळगावला मोठ्या दवाखान्यात ने आणि कपाशीचे औषध पोटात गेले आहे असे स्पष्ट सांग. लाजू नकोस, लपवू नकोस.

तुझे पत्र आले तेव्हा भाऊजींचे मित्र जीवराम माझा पाय पाहायला आले होते. त्यांचे बियाण्यांचे आणि औषधांचे दुकान आहे. भाऊजी पत्र वाचत होते. मुळाशी दुप्पट टाकतो हे ऐकले आणि मी म्हटले, मायच्या मुळाशी कसले औषध? तेव्हा मला कळले. मी मायच्या औषधाचे लिहिले होते रे. डॉक्टरांच्या पुड्या चालू ठेव, जोर कमी वाटला तर वाढव, असे. तू तुळशीचे समजलास. एकाच शब्दाने आपण दोघांनी हे काय करून ठेवले!

जीवरामभाऊ एकदम उभे राहिले. ते म्हणाले, ते दाणे मातीत राहतच नाहीत. मूळ ते ओढून घेते आणि पानापानात चढवते. पान धुऊन काही उपयोग नाही. त्याचे कामच ते आहे, जो पान खाईल तो मरेल. मी तुला पानावर मारू नको, मुळाशी घाल म्हणून बजावले, आणि वर रस द्यायलाही मीच सांगितले. अक्षर लागत नसेल तर भाऊजींची तार पुन्हा वाच.

तुळस उपटून टाक. मातीसकट खोल पुरून टाक, वर दगड ठेव. पाप लागले तर मला लागेल. घरात सगळ्यांना सांग, शेजारी सांग, कोणी पान तोडू नये. पुडी उरली असेल ती झुलालला परत दे.

मायला माझ्यासाठी धरून ठेव.

अक्का

जळगाव
११ सप्टेंबर १९८८

ती. सौ. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

माय वाचली. हे आधी लिहितो, तू म्हणतेस तसे.

तार मला गिरणीत मिळाली. तसाच पळत घरी गेलो, प्रमिला बेबीला घेऊन दळण आणायला गेली होती. तुळस दोन्ही हातांनी ओढली, ढेकळासकट निघाली. पुरायला वेळ नव्हता, मागच्या भिंतीआड टाकली. गिरणीचा टेंपो मागून घेतला आणि मायला गादीसकट आत ठेवले. इथे डॉक्टरांनी बॅटरी मारून तिचे डोळे पाहिले आणि मला विचारायच्या आधीच ओळखले. मी सगळे सांगितले. सुया टोचल्या, रात्रंदिवस सलाइन लावले. काल तिने माझ्या हातातला पेला दोन्ही हातांनी धरला. थरथर पुष्कळ कमी आहे.

शुद्धीवर येताच तिने तुळशीचे पान मागितले. मी खोटे बोललो. गोगलगायींनी तुळस खाल्ली, मुळासकट गेली, असे सांगितले. मला वाटले आता पाणीही सोडील. ती म्हणाली, खाऊ दे, त्याबी जीवच शेतस. आणि पाणी प्यायली. मी वॉर्डाबाहेर जाऊन रडलो अक्का. आपण तिच्यासाठी ती तुळस राखत बसलो, आणि तिने ती एका शब्दात देऊन टाकली.

एक विनंती आहे. प्रमिलाला मी काही सांगितलेले नाही. निघताना आळीच्या तोंडाशी ती भेटली, तिलाही गोगलगायींचेच सांगितले. तिने रोज स्वतःच्या हाताने पाने वाटून रस पाजला आहे. आज हे कळले तर ती घरात एकटी काय करून घेईल याची मला भीती वाटते. मायला घरी घेऊन गेलो की समोर बसून सावकाश सांगेन. तोवर तूही तिला लिहू नकोस. तुळस गेली, औषधाचे काम संपले, आता कशाचे भय उरले आहे?

महिनाअखेरपर्यंत इथेच राहावे लागेल. पाय मोकळा झाला की ये. लोभाला आता कोणाची दृष्ट न लागो.

तुझा,
पंडित

॥ श्री ॥

अमळनेर
२२ सप्टेंबर १९८८

ती. सौ. अक्कांस,
प्रमिलाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला मी कधी पत्र लिहीत नाही, सगळे हेच लिहितात. पण हे जळगावला, आणि माझ्याजवळ एक गोड बातमी आहे, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मायला आता बरे आहे, ती चार घास खाते, असा निरोप गिरणीच्या टेंपोवाल्याने दिला. माझ्या जिवावरचे ओझे उतरले. तुमच्या पायाचे प्लास्टर निघाले असेल. चालताना काठी घ्यावी, घाई करू नये.

त्या दिवशी हे घाईघाईत तुळस उपटून भिंतीआड टाकून गेले. गोगलगायींनी खाल्ली म्हणाले. मी जाऊन पाहिले तर पान न् पान शाबूत होते. मायच्या दुखण्याने यांचे चित्त थाऱ्यावर नव्हते, दुसरे काही नाही. पण अक्का, दारची तुळस, आणि ती चातुर्मासात केरात पडलेली, ती तशी सोडून मला घरात जाववेना. माय तिकडे दवाखान्यात, आणि तिची तुळस अशी. तुळस शे तोवर मी शे, हे मायचे बोलणे मी विसरले नव्हते.

मग मी आणि लताबाईंनी ती मातीच्या ढेकळासकट उचलली आणि आळीतल्या विठ्ठल मंदिराच्या अंगणात नेऊन लावली. यांच्या फळीवर तुळशीच्या औषधाची पुडी होती, त्यातले उरलेले मी सगळे तिच्या मुळाशी घातले, हे घालत होते तसेच. यांनी एवढे औषध घालून वाढवलेली तुळस वाया कशी जाऊ द्यायची? वास फार येतो, पण झाड आठवड्यात टवटवीत झाले. पुजारीबुवा म्हणतात अशी तुळस त्यांनी पाहिलेली नाही. काल एकादशीच्या तीर्थात तिचीच पाने होती, सगळी आळी येऊन गेली. मायसाठी सगळ्यांनी हात जोडले.

माय येईल तेव्हा तिला सांगून चकित करायचे ठरवले आहे, म्हणून यांनाही कळवलेले नाही. तिच्या दारची तुळस जिवंत आहे, नेम मोडलेला नाही, हे ऐकून तिला किती बरे वाटेल! ती यायच्या दिवशी पहिली मूठभर पाने मीच तोडून आणीन.

बेबीचा खोकला हटत नव्हता. तुम्ही मायसाठी सांगितला होता तोच रस मी तिलाही मधातून सुरू केला आहे. आधी थुंकायची, आता मधामुळे शहाण्यासारखी गिळते. काल संध्याकाळपासून तिच्या तोंडाला सारखे पाणी सुटते आहे. भूक लागायला लागली असे दिसते. आत्ता निजली आहे, कपाळावर घामही आला आहे, म्हणजे अंगातली कसर उतरेल.

चुकले असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्यावे, आणि आमच्यावरची माया अशीच राहू द्यावी.

तुमची,
प्रमिला